मानाचं हाड

मेंढा सांध्यांवर सोडवला आहे. कुऱ्हाड लावलेली नाही. आमच्याकडे मानाच्या जेवणाचं हाड तोडत नाहीत. सुरीचं टोक सांध्यात घालायचं, मनगट जरा वळवायचं, की हाड आपणहून सुटतं.

मटणाची काईल चुलीवरून उतरली आहे. कालच वरच्या कुरणावर आलो. तंबूचा नमदा, लोकर दाबून केलेलं जाड कापड, अजून दमट आहे. मी लाकडी ताटात हाडं लावते आहे. कुठलं हाड कुणाला, हे माझ्या सासूबाईंच्या सासूबाईंच्याही आधीपासून ठरलेलं आहे. त्यात सगळ्यात मानाचं कमरेचं रुंद हाड. त्याला आम्ही जांबश म्हणतो. आमच्या घरात ते ओमुरकुल आबांचं. ते सासऱ्यांचे थोरले भाऊ. सासरे गेल्यापासून त्यांचं जांबश कधी चुकलेलं नाही.

आज ते बुरुलला द्यायचं, असं सासूबाईंनी सकाळी सांगितलं. बुरुल माझी मुलगी. बारा वर्षांची.

आबांना अजून कुणी सांगितलेलं नाही. ओढ्यापलीकडच्या तंबूतून ते घोड्यावर निघाले आहेत. ते येईपर्यंत एकेक हाड उचलते, आणि जे झालं ते सांगते.

पुढच्या पायाची वरची नळी

हे सुनेचं, म्हणजे माझं. माणसाच्या दंडात असतं तेच हाड.

गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात बुरुल एका करड्या शिंगराला दावणीकडे ओढत होती. घोड्यांचं दूध काढायचं तर शिंगरं आधी दावणीला हवीत, नाहीतर आपल्यासाठी थेंब उरत नाही. शिंगरू अडलं. तिनं हिसका दिला आणि ती खाली बसली. पडली नाही, बसली.

"आई, हात वाजला."

सासूबाई दूध काढत होत्या. चरवी तशीच घोडीच्या पोटाखाली ठेवून आल्या. त्या हाडवैद. ओढ्याच्या दोन्ही काठांवर कुणाचा पाय मुरगळो, कुणाचा खांदा निखळो, माणूस आधी आमच्या तंबूपाशी येतो. हे त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलं. वडील मातीचं मडकं पोत्यात घालून फोडायचे, पोत्याचं तोंड बांधायचे आणि म्हणायचे, जोड. आत हात घालायचा नाही. वरून चाचपून एकेक खापर आपल्या जागी बसवायचं. मडकं पुरं झालं की जेवायला मिळायचं.

"रडायचं असेल तर आत्ता रडून घे," त्या बुरुलला म्हणाल्या. "मग मला ऐकू यायला हवं."

"काय ऐकू?"

"हाड."

मी पोरीला छातीशी धरलं, आमच्या ह्यांनी कोपरापासून ओढलं, आणि सासूबाईंनी डोळे मिटून खांद्याखाली दोन्ही अंगठे फिरवले. टक्. विलोच्या झाडाच्या काड्या, नमद्याची पट्टी, दुधातून शिलाजीत. पानं पिवळी पडायच्या आत बुरुल त्याच हातानं भावंडांना चापट्या मारत होती.

कुणीही हाडाचा फोटोबिटो काढला नाही. कशाला काढायचा?

मान

मानेची हाडं कुणा एकाची नसतात. लहान मुलं ती सोलत बसतात.

गेल्या उन्हाळ्यात, पहिल्या कुमिसच्या दिवसांत, ती रवी घुसळत होती. दाराशेजारी कातडी बुधला टांगलेला असतो, त्यात घोडीचं दूध आंबून कुमिस होतं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं चार हात मारायचे अशी रीत. पोस्टमनसुद्धा मारतो. बुरुल गाणं म्हणत मारत होती. गाणं मध्येच थांबलं. रवी बुधल्यात तशीच उभी राहिली.

"आई," ती म्हणाली, आणि हसू आल्यासारखं तोंड केलं. "परत वाजला."

रवी घुसळताना हाड मोडतं का कुणाचं?

सासूबाईंनी तिला उजेडात बसवलं. अंगठे त्याच जागी टेकवले. मी धरायला पुढे झाले, हे ओढायला. त्यांनी मान हलवली. बराच वेळ नुसतं चाचपत राहिल्या. मग हात काढून घेतले, पदरासारख्या रुमालाला पुसले.

"कडा अंड्याच्या टरफलासारख्या लागतात," त्या आमच्या ह्यांना म्हणाल्या. "हे माझं काम नाही. झापार, जीप बघ."

"आई, अगं, गेल्या वेळी बसवलास ना?"

"म्हणूनच म्हणते."

तंबूबाहेर जाऊन त्या शेणी उलट्या करत बसल्या. आधीच वाळलेल्या होत्या. त्या दिवसापासून त्यांनी बुरुलच्या त्या हाताला हात लावला नाही. वेणी घालायच्या, तोंड पुसायच्या, पाठीवर थापट मारायच्या. उजव्या हाताला नाही.

बरगड्या

बरगड्या बोलक्यांना देतात. हे सगळं इस्पितळातलं बोलणं.

"आधी हाड कुणी बसवलं होतं?" नर्स.

सासूबाईंचं नाव सून घेत नाही.

"बाई, तुम्हाला विचारते. कुणी बसवलं?"

"ज्यांच्या हातावर मी पाणी घालते, त्यांनी."

"म्हणजे कुणी?"

"आमच्या ह्यांच्या आईनं."

"त्यांना नाव नाही?"

"आहे."

"मग सांगा की! भोंदू माणसांना लपवता तुम्ही लोक, आणि मग—"

"सुयुमकान," मागून सासूबाई म्हणाल्या. "मी बसवलं. भोंदू लिही आणि पुढे सुयुमकान लिही. सुनेला कशाला छळतेस?"

डॉक्टर आत होते. सोवेतबेक त्यांचं नाव, टक्कल पडलेले, खांद्याला शाल. थंडी नव्हती तरी शाल. त्यांनी फोटो खिडकीला लावला.

"बसवलंय मात्र झकास," ते म्हणाले. "जुना जोड सरळ आहे. दुखणं दुसरंच आहे. ही काळी जागा बघा."

खांद्याच्या खाली, जिथं हाड भरीव दिसायला हवं, तिथं पोकळ होतं. वाटोळं, धुरकट, कडेला पातळ रेघ.

"हाडात पाण्याची पिशवी झालीय. पोरांच्या वाढत्या हाडात होते अशी. कॅन्सर नाही. पहिल्यांदा ऐका, मग रडा. कॅन्सर नाही. पसरत नाही, जीव घेत नाही. पण भिंत पातळ करते. मग रवी घुसळली तरी मोडतं."

"मग आता?"

"आता मोडलेलं जुळू द्या. कधी कधी मोडल्यावर पोकळी आपणहून भरते. नाही भरली तर सुईनं पाणी काढून औषध सोडू. तरी नाही तर उघडावं लागेल."

हाड जुळलं. पोकळी तशीच राहिली. मग सुई घातली. पाणी पिवळसर निघालं, निवलेल्या शोरब्यावरच्या पाण्यासारखं. पुढच्या फोटोत काळी जागा जराशी आकसली, आणि त्याच्या पुढच्यात पुन्हा होती तेवढी.

"उघडू," डॉक्टर म्हणाले. "आतलं अस्तर खरवडून काढायचं आणि जागा हाडानं भरायची. बर्फ पडायच्या आधी या."

काळीज

हे सगळ्यांचं, सगळे जेवायला लागले की शेवटी ठेवायचं. ते मी अजून ताटात ठेवलेलं नाही.

खांद्याचं पातं

हे आमच्या ह्यांचं.

ते घरी येऊन म्हणाले, "हाडानं भरणार म्हणाले."

"कुणाच्या हाडानं?" सासूबाई.

"ते नाही विचारलं."

"तू काय विचारतोस रे कधी? मेंढा घेताना दात बघतोस, आणि पोरीच्या हाताला काय घालणार ते विचारलं नाहीस?"

"आई, एवढी माणसं रांगेत होती—"

सासूबाई विचार करत बसल्या. विचार करताना त्या लोकर पिंजतात. संध्याकाळपर्यंत ढीग झाला. मग त्यांनी ठरवलं. भरायचंच तर हलक्या हाडानं का भरायचं? पोर कुणाची आहे? त्यांनी कळपातला कपाळावर पांढरा ठिपका असलेला मेंढा दाखवला, जो आम्ही आबांच्या सत्तरीसाठी राखला होता.

तर हॉस्पिटलात आम्ही असे गेलो: बुरुल, मी, हे, सासूबाई, आणि मीठ चोळून, स्वच्छ फडक्यात गुंडाळून, एक अख्खं जांबश.

शेपटीचा मणका

घरातल्या ज्येष्ठ बाईचा. सासूबाईंचा.

डॉक्टरांनी फडकं सोडलं. बघत राहिले. नर्स तोंडावर हात ठेवून बाहेर गेली.

"आजी, हे काय?"

"भरायला," सासूबाई म्हणाल्या. "ताजं आहे. थोरल्या माणसाचा वाटा आहे तो. आत्तापर्यंत आमच्या घरात कुणा पोरीला मिळाला नाही."

मला वाटलं, हसतील. हसले नाहीत. हात धुतले, ते हाड टेबलावर सरळ ठेवलं आणि खणातून एक लांब दांड्याचा बारीक चमचा काढला.

"या आजी, इकडे या. बरं झालं आणलंत. मला तोंडानं नीट सांगता येत नाही." त्यांनी हाडाच्या वरच्या कडेवर चमचा टेकवला. "बरोबर याच हाडानं भरणार आहे. पण मेंढ्याच्या नाही, तिच्या. ही कड, पट्टा बांधतो ना आपण तिथली. इथून बारीक बारीक तुकडे काढायचे." चमच्यानं त्यांनी खरंच चार ढलप्या काढल्या. आतून लालसर, भुसभुशीत. "दंडाला छोटी खिडकी पाडायची, पिशवीचं अस्तर या चमच्यानं खरवडायचं, आणि हे आत दाबून बसवायचं. तिचंच हाड तिला ओळखतं. त्याच्याभोवती नवीन धरतं."

"कमरेचं?"

"हो."

"जांबश?"

"हो आजी. तेच."

सासूबाईंनी त्यांच्या हातातून चमचा घेतला. मेंढ्याच्या हाडावर स्वतः फिरवून पाहिला. एक ढलपी अंगठ्यानं चिरडली. मग आमच्या ह्यांनी घसा साफ केला.

"डॉक्टर, माझ्या कमरेचं घ्या. पोरीला कशाला दुसरी जखम?"

"आपलं स्वतःचं लवकर धरतं, भाऊ."

"दुखेल?" बुरुलनं विचारलं. इतका वेळ ती खिडकीतून रस्त्यावरची आइस्क्रीमची गाडी बघत होती.

"हातापेक्षा कंबर जास्त दुखेल. खोटं कशाला सांगू?"

"मग मी घरी गेल्यावर दारासमोरच्या गादीवर बसणार. मानाच्या जागी. ओमुरकुल आबांना उठवा."

तेव्हा मात्र डॉक्टर हसले. सासूबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "उघडा," आणि फडक्याची घडी घातली. त्यांच्या तोंडून हा शब्द निघाला नसता तर आमच्या घरातल्या कुणी कागदावर सही केली नसती, हे डॉक्टरांनाही कळलं असावं. ते हाड त्यांनी परत केलं नाही. रात्रपाळीच्या लोकांनी त्याचा शोरबा केला, असं नर्सनं नंतर सांगितलं. आता ती आमच्याशी नीट बोलत होती.

डोकं

पाहुणा असता तर हे पाहुण्याचं. आज पाहुणा नाही, म्हणून आबांपुढे राहील.

ऑपरेशन झालं. बुरुल गुंगीत पडली होती, हात छातीशी बांधलेला, कमरेवर पट्टी. डॉक्टर दाराशी आले. आमचे हे, मी, सासूबाई भिंतीला टेकून उभे होतो.

"छान झालंय," ते म्हणाले. "आता एक सांगतो, सगळ्यांसमोर. तुमच्या घरातली चार माणसं माझ्याशी एकेकटी बोलून गेली. चौघांनी गुन्हा कबूल केला. मी पोलीस नाही हो."

मग एकेकाचा गुन्हा बाहेर आला.

हे गेले होते: तिला नीट बसताही येत नव्हतं तेव्हा मी घोड्यावर चढवली, हाडं तेव्हाच हादरली.

मी गेले होते. बुरुल पोटात असताना मला माती खावीशी वाटायची. हिवाळी घराच्या भिंतीचा चुना मी नखानं खरवडून खायचे, कुणाला दिसू नये म्हणून पेटीमागचा. पोरीच्या हाडातला चुना मी खाल्ला.

चौथा माणूस फोनवर होता. ओमुरकुल आबा. ती रांगत होती तेव्हा त्यांनी आपल्या वाट्याची मांडीची नळी तिला चोखायला दिली होती. मुलींना नळी देत नाहीत. तिला आवडायची, म्हणून लपवून द्यायचे.

आणि सासूबाई. पट्टी घट्ट बांधली, रक्त अडलं, हाड वाळलं.

"कुणाचंच नाही," डॉक्टर म्हणाले. "हाड जिथं वाढतं तिथं रक्ताची परतीची वाट तुंबते आणि पाणी साचतं, असं काही जण म्हणतात. काही जण दुसरंच म्हणतात. खरं कारण कुणालाच पक्कं ठाऊक नाही. पण घोडा नाही, चुना नाही, नळी नाही, आणि आजी, तुमची पट्टी तर मुळीच नाही. पहिल्यांदा तुम्ही बांधलीत त्याच्या आधीपासून पोकळी होती. म्हणून तर मोडला."

हे भिंतीला टेकून खाली बसले आणि लहान पोरासारखे हुंदके द्यायला लागले. माझ्या पाठीवरून कुणीतरी पाण्याची कावड उतरवली असं मला झालं.

सासूबाईंचा चेहरा मात्र उतरला.

"कुणाचंच नाही कसं?" परतताना जीपमध्ये त्या म्हणाल्या. "माझी चूक असती तर पुढच्या वेळी तशी बांधली नसती. चूकच नाही, तर मी काय बदलू? माझ्या बोटांना ते वरून कळलंच नाही, गं. पोत्यात एक खापर कमी होतं आणि मला मडकं पुरं वाटलं."

मग हिवाळाभर दारात लोक आले. मेंढपाळाचं मनगट आलं, शाळेच्या शिपायाचा घोटा आला. सासूबाई चहा द्यायच्या, नान द्यायच्या आणि म्हणायच्या, "फोटो काढ. माझ्याकडे नको." ओढ्यापलीकडे बातमी गेली की म्हातारीचे हात गेले.

बुरुल हात त्यांच्या पुढ्यात धरायची. "आजी, बघ ना, भरलंय का."

"डॉक्टर बघतील."

"डॉक्टर फोटो बघतात. तू हात बघ."

"लोकर पिंजायचीय मला."

परवा शेवटचा फोटो निघाला. काळ्या जागी आता पांढरं आहे. भरीव, जरा खडबडीत. डॉक्टर म्हणाले, पळू दे, चढू दे, घुसळू दे. म्हणून हा मेंढा.

जांबश

घोड्याच्या टापा. आले.

"काय शिजलंय गं?" आबांचा आवाज बाहेरूनच. "ओढ्यापर्यंत वास आलाय. माझं हाड कढईत विरघळलं तर नाही ना?"

आणि बुरुल, जिच्या पोटात काही राहत नाही, दारातून ओरडली, "आबा, आज तुमचं हाड माझं आहे!"

"काय?"

"जांबश! मला!"

आबा एक पाय रिकिबीत आणि एक हवेत असे तिच्याकडे बघत राहिले. घोडा पुढे सरकला. मग मला फक्त त्यांची टोपी दिसली, आणि धप्प आवाज.

आम्ही त्यांना आत आणून गादीवर बसवलं. उजवं मनगट काट्या-चमच्यातल्या काट्यासारखं वाकलं होतं. चेहरा राखेच्या रंगाचा, तोंड मात्र चालू.

"पोरीनं हाडासाठी म्हाताऱ्याला मारला! लिहून ठेवा!"

"झापार, जीप," सासूबाई म्हणाल्या.

"कसली जीप? खालचा पूल काल वाहून गेला ना. आणि वाहून गेला नसता तरी मी जाणार नव्हतो. चाळीस वर्षं मी माझ्या धाकट्या भावजयीच्या बढाया ऐकतोय. बसव."

"भावजी, आतलं मला कळत नाही."

"आत काय असणार? म्हातारं हाड. त्यात दोष असेल तर तो माझ्या वयाचा. बसव गं, दुखतंय."

सासूबाई उभ्याच. त्यांचे हात रुमालात गुंडाळलेले. ताटातली वाफ कमी होत चालली होती.

"पूल झाला की फोटो काढायला जाल?" शेवटी त्यांनी विचारलं.

"नाचत जाईन."

त्या गुडघ्यावर बसल्या. बाह्या सारल्या. आबांचं मनगट हातात घेतलं आणि डोळे मिटले. अंगठे हाडावरून फिरवत राहिल्या. मग डोळे न उघडताच म्हणाल्या, "ओढायला कोण?"

हे पुढे झाले. पण बुरुल आधीच समोर बसली होती. तिनं आबांचा पंजा दोन्ही हातांत धरला, उजवा हात वर. माझ्या तोंडून "नको" निघालं, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही.

"सरळ ओढ," सासूबाई म्हणाल्या. "हिसका नको. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही."

तिनं ओढलं. तिच्या दंडावरचा व्रण ताणून पांढरा झाला. मी आबांकडे बघत नव्हते, त्या व्रणाकडे बघत होते. आबांनी दात आवळून आपल्या मेलेल्या घोड्यांना नावांनिशी शिव्या घातल्या. टक्.

"सोड."

काड्या, नमदा, पट्टी. पट्टी घट्ट नव्हती, बोट आत जाईल इतकी. आबांच्या कपाळावर घाम होता. ते ताटाकडे बघत होते.

"आता हे कुणाचं?" डाव्या हातानं त्यांनी जांबश उचललं, जरा तोललं, हुंगलं. मग बुरुलच्या पुढ्यात ठेवलं. "घे. पण कापून सगळ्यांना वाटायचं असतं, हे ठाऊक आहे ना? एकटी खाशील तर पोट दुखेल. आणि आधी मला. माझा हात तू मोडलास."

बुरुलनं सुरी घेतली. हाडावरून मांस सोडवायला जोर लागतो. ती जोर लावत होती, जीभ दातांत धरून. पहिला तुकडा आबांच्या तोंडात भरवला. दुसरा सासूबाईंच्या तोंडापाशी नेला.

सासूबाईंनी तोंड उघडलं नाही. तिचा तो हात मनगटाशी धरला आणि डोळे मिटले. कोपरापासून अंगठे हळूहळू वर चढले. व्रणापाशी थांबले. मागून, पुढून, पुन्हा मागून. खांद्यापर्यंत. पुन्हा खाली. मांसाचा तुकडा पोरीच्या बोटांत निवत होता, चरबी मनगटावर ओघळून पांढरी धरत होती. बुरुल हलली नाही.

"खा की आता," भरल्या तोंडानं आबा म्हणाले. "पोरीचा हात खातेस की काय?"

सासूबाईंनी तोंड उघडलं.

काळीज मी ताटात ठेवलं.